सायलसची पाचवी घंटा

दोरावरची लाल लोकरी मूठ वर गेली, खाली आली. व्हेराचे दंड भरून आले होते. दोन तास झाले होते, अजून एक बाकी होता. गल्लीपलीकडच्या घरात तिचा नवरा सायलस शेवटच्या घटका मोजत होता, आणि ही इथे चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवत होती!

त्यानंच पाठवलं होतं तिला. "माझी पाचवी तूच ओढ. एकदा पूर्ण वादन कानांवर पडू दे. काही झालं तरी दोर सोडायचा नाही."

सहा घंटा, सहा माणसं, दर फेरीला क्रम वेगळा. मध्येच कुणी दोर सोडला, की सगळं बाद. दोन घंटांच्या जागा चुकून बदलल्या, तरी बाद. म्होरक्यानं तिथंच थांबवायचं. सायलस म्होरक्या होता तेव्हा तर महाखट. लेकीच्या लग्नातलं वादन त्यानं अशाच एका चुकीपायी बंद पाडलं होतं. नवरी रडली, पठ्ठ्या ढिम्म हलला नाही.

तीच लेक, आयव्ही, आता धापा टाकत दारात उभी राहिली. "आई, चल! बाबांचं काही खरं नाही."

पाच जणांची मेहनत. त्याला दिलेला शब्द. व्हेरानं नकारार्थी मान हलवली. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, हात मात्र चुकत नव्हते.

"आग लागो तुझ्या त्या घंटेला!" आयव्ही किंचाळली आणि पळाली.

देवा, थोडं थांबव रे त्याला. दुसरं काही सुचतच नव्हतं व्हेराला.

पुन्हा पावलं वाजली. आयव्हीला पाहताच तिला वाटलं, संपलं सगळं.

"बाबा म्हणतात, तिसरी न् चौथी केव्हाच उलटसुलट झाल्यात. बंद करा म्हणाले हा गोंगाट, आणि आईला घरी पाठवा."

नवा म्होरक्या हॉरेस क्षणभर आयव्हीकडे बघत राहिला. मग ओरडला, "थांबा!"

घंटा थांबताच व्हेरा धावत सुटली.

चौथीवरचा अल्बर्ट रडकुंडीला आला होता. "माफ कर, हॉरेस. माझं कुठं चुकलं?"

हॉरेसनं बाहीनं तोंड पुसलं. "कुठंच नाही. आणि ते सायलसला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे."