पगाराचं मागून पाहू

भैंसा गावच्या बाजारात सुनयनाचं बांगड्यांचं दुकान. आठ महिन्यांच्या करणला सांभाळायला गल्लीतली गिरजाबाई तयार झाली खरी, पण तिला महिन्याचे किती द्यावेत, याचाच सुनयनाला घोर. गिरजाबाई हसून म्हणाली, "पगाराची काऊन घाई करता, ताई? पयले लेकराले माहा लळा तं लागू द्या, मंग बोलू."

नशीबच उघडलं म्हणायचं! रडून गल्ली डोक्यावर घेणारा करण आता संध्याकाळी घरी यायचा तो पेंगतच. त्याच्या तोंडाला जरासा कडवट वास यायचा, पण आयत्या मिळालेल्या शांततेपुढे सुनयनानं तो मनावर घेतला नाही.

महिन्याभरानं एक दिवस दुकान बंद होतं, म्हणून तिनं करणला घरीच ठेवलं. दुपारपर्यंत लेकरू घामानं भिजलं, थरथर कापू लागलं, दूध तोंडात घेईना. हा गिरजाबाईकडंच शांत राहतो, म्हणून सुनयना त्याला उचलून तिच्याकडं धावली. गिरजाबाई त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली. डबीचं झाकण वाजलं आणि पाठोपाठ रडणं थांबलं.

पदराला बोट पुसत ती बाहेर आली.

"लागला लळा. आता बोला ताई, किती देता?"