नवा ब्रेक

“दाब आता,” हैबतराव म्हणाले.

कोंडिबाने ब्रेकवर पाय नुसता टेकवला. दगडांनी भरलेला ट्रक पौडच्या सपाट रस्त्यावर जागच्या जागी उभा राहिला. दोघांच्या मधे बसलेला पीरमहंमद मिस्त्री पुढच्या काचेवर आपटता आपटता वाचला. लष्कराच्या लिलावात घेतलेल्या त्या जुन्या गाडीला त्याने आठ दिवस खपून नवे ब्रेक बसवले होते. नवे ड्रम, नवे लायनर आणि इंजिनाच्या ओढीवर चालणारा एक गोल डबा. त्या डब्यामुळे पायाला जोर लावावा लागत नव्हता.

“म्हातारीनं पाय ठिवला तरी थांबंल,” पीरमहंमद म्हणाला.

हैबतरावांनी पुढच्या रस्त्याकडे बोट केलं. “आता आंबोलीच्या उतारावर घे. जांभळीपाशी थांबव.”

कोंडिबाने त्यांच्याकडे पाहिलं. “तितं कशाला, अण्णा? हितं बघितलं की.”

“मला तितंच बघायचंय.”

अकरा महिन्यांपूर्वी त्याच जांभळीच्या झाडापाशी, याच ट्रकखाली रंभाबाई गेल्या होत्या. हैबतरावांची बायको. डोक्यावर गवताचा भारा घेऊन त्या रस्ता ओलांडत होत्या आणि भाताची पोती भरलेला ट्रक उतारावरून खाली आला. चालवत होता कोंडिबा. ब्रेक लागला नाही, असं त्याने सांगितलं. कुणाला शंका आली नाही. ते ब्रेक दोनतीनदा दाबल्याशिवाय धरत नाहीत, हे अख्ख्या कासार आंबोलीला ठाऊक होतं. पीरमहंमदने मालकाला दोनदा बजावलंही होतं. “सुगी उरकू दे, मग बघू,” असं हैबतराव दोन्ही वेळा म्हणाले होते.

पोलिसांपुढे ते स्वतःच उभे राहिले. “ड्रायव्हरचा दोष न्हाई. ब्रेक खराब हायेत, हे मला म्हाईत व्हतं.”

त्या दिवसापासून त्यांनी पायात वहाण घातली नाही. माणसांत बसणं सोडलं. थोरली लेक दहाव्याला आली, बापाशी एक शब्दही न बोलता निघून गेली आणि पुन्हा माहेरी फिरकली नाही. ट्रक परड्यात उभा राहून गंजू लागला. कोंडिबा रोज येऊन तो पुसून जायचा. हैबतराव त्याला जेवल्याशिवाय सोडत नसत. “तुजी वैनी असती तर उपाशी जाऊ दिलं असतं का?” म्हणत आणि स्वतः वाढत. कोंडिबाला घास उतरत नसे. इमानी माणूस आहे, गाव म्हणायचं, मालकाचं दुःख त्याला बघवत नाही.

उतार सुरू झाला.

“त्या दिवशी व्हता तेवढाच वेग ठिव,” हैबतराव म्हणाले.

जांभळ दिसली. रस्ता मोकळा होता, चिटपाखरू नव्हतं. जांभळ जवळ आली.

“दाब,” हैबतराव म्हणाले. “कोंडिबा, दाब.”

ट्रक थांबला नाही. जांभळ बाजूने निघून गेली. खाली ओढ्यावरचा पूल दिसायला लागला. पीरमहंमदने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी फरफटत गेली, आडवी झाली आणि पुलाच्या कठड्यापासून हातभर अलीकडे बंद पडली.

हैबतराव खाली उतरले. दोन पावलं चालले आणि रस्त्याच्या मधोमध बसले.

“ब्रेक परत गेला,” ते म्हणाले. “एवढं करूनबी परत गेला. आज दुसऱ्यांदा मारली मी तिला.” मग त्यांनी वर पाहिलं. “पीरमहंमद, कसब न्हाई तर काम घेतलंस कशाला?”

पीरमहंमद मधे बसला होता, सगळं त्याला दिसलं होतं. तो कोंडिबाकडे बघत राहिला.

कोंडिबाचा उजवा पाय अजून ॲक्सिलरेटरवरच होता, ओंडक्यासारखा. त्याने तो दोन्ही हातांनी उचलून बाजूला केला. दार उघडून तो उतरला आणि हैबतरावांच्या समोर, धुळीत, उकिडवा बसला.

“मिस्त्रीला बोलू नका, अण्णा. ब्रेकला कायबी झालं न्हाई,” तो म्हणाला. “माजा पायच उठला न्हाई. त्या दिवशीबी उठला नव्हता.”