गोंद लावलेलं स्वयंपाकघर

शेवटच्या प्रयोगाच्या टाळ्या थांबल्या आणि नाटक बसवणाऱ्या ओडेगार्डबाईंनी हातमोज्यांचं खोकं रंगमंचाच्या मधोमध आणून ठेवलं. अमेरिकेतल्या थंडगार डुलुथच्या त्या शाळेचा रिवाजच तसा होता. पडदा पडला की त्याच दुपारी नेपथ्य मोडायचं. रंगमंच मोकळा होईपर्यंत कुणी घरी जायचं नाही. पाहायला आलेल्या आईबापांचीही सुटका नसे.

नेपथ्य सिगने नावाच्या विद्यार्थिनीचं होतं. नाटक खेड्यातलं, विनोदी. कसलंही स्वयंपाकघर चाललं असतं. पण तिने स्वतःच्या घरात टेप लावून मापं घेतली. ओट्यावरचा जळका डाग, भिंतीच्या पिवळ्या कागदावरच्या कोंबड्या, कधीच नीट न मिटणारं कपाट. आई घर सोडून गेली त्या दिवशी होतं तसं सगळं. खिडकीतून येणारं उतरतं ऊन जमेपर्यंत दिव्यांपुढचे रंगीत कागद तिने कितीदा बदलले. चर्चमधली वेदी सजवावी, तशा भक्तीने. आई फिनिक्सहून येणार होती. ती हे पाहील, तिला गहिवरून येईल, आणि मग ती परत जाणारच नाही. हे सिगनेने कुणाला सांगितलं नव्हतं. माणसाची आशा मोठी चिवट.

नेपथ्य नुसतं स्क्रूने जोडायचं, म्हणजे भराभर सुटतं, हा तिथला पहिल्या दिवशीचा धडा. सिगनेने गोंदही लावला होता. स्क्रू निघाले तरी फळ्या हलेनात.

“बाई गं, हे नाटकाला केलंयस की राहायला?” ओडेगार्डबाईंनी विचारलं. पोरं हसली. सिगने लाल झाली.

एवढ्यात तिची आई, लॉरेल, रंगमंचावर आली. नाटक झकास झालं म्हणाली. पोरीच्या गालावरून हात फिरवला. ओट्याकडे, भिंतीकडे एकदा पाहिलं आणि फिनिक्सला या दिवसांत कोटसुद्धा लागत नाही, हे सांगत बसली. सिगने काय ते समजली. आईला काही आठवतच नव्हतं. मग लॉरेलने हातमोजे चढवले आणि बाईंच्या हातातली कटावणी मागून घेतली.

ती थांबेचना. ओटा उचकटला. कपाट आडवं केलं. कोंबड्यांचा कागद फर्रकन ओढला. घामाने भिजली, तरी काहीतरी गुणगुणत होती. बाई, दर वर्षी यांनाच बोलवत जा, असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तीच हसली.

खिडकीची चौकट तेवढी उरली होती. सिगने ती धरून उभी राहिली.

“आई, तू हे ओळखलंच नाहीस ना?”

लॉरेलने मनगटाने कपाळ पुसलं. तिचा एवढा निवलेला चेहरा सिगनेने कधी पाहिला नव्हता.

“पडदा सरकला तेव्हाच ओळखलं की,” ती मायेने म्हणाली. “घरी होते तेव्हा एवढं धाडस झालं नाही गं. नुसती बॅग उचलून निघाले.”