चौदाला नाव

"परत चौदा?" बाईंनी चष्मा वर सरकवला. "अहो, तिसऱ्यांदा थेट आकडा लिहिलात."

नवऱ्याने ओशाळून कीबोर्डवरचे हात काढले. ग्रंथालयाचा साधा प्रोग्रॅम होता. पुस्तक चौदा दिवसांत परत आलं नाही तर वाचकाला आठवण पाठवायची, बस्स. सोमवारी परीक्षा आहे असं त्याने सांगितल्यापासून बाईंच्या जिवाला घोर लागला होता. अडुसष्टाव्या वर्षी नापास झालेला माणूस पुन्हा उभा राहत नाही, असं त्यांना वाटे. कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवताना त्यांनी भलेभले ठोंबे पार केले होते, पण हा पडला घरचा.

"उद्या मुदत एकवीस दिवसांची झाली, तर काय कराल?"

"सगळे चौदा शोधून बदलीन."

"आणि त्यातला एक चौदा वाचनकक्षातल्या खुर्च्यांचा निघाला तर? सात खुर्च्या काय तुम्ही घरून नेणार?"

तो हसला. बाईही हसल्या. वर्गात हा विनोद हमखास चालायचा.

"मग करायचं काय, बाई?" शिकायला बसला की तो त्यांना बाईच म्हणायचा.

"आकड्याला नाव द्यायचं. त्याला म्हणतात..." शब्द अगदी ओठांवर येऊन अडला. नवऱ्याने घाई केली नाही. कपात उरलेला चहा सावकाश संपवला.

"स्थिरांक," त्या म्हणाल्या. "वर एकदाच लिहा, मुदत म्हणजे चौदा. खाली सगळीकडे नुसतं मुदत. बदलायचं तर एकाच जागी. हे मी आधी सांगितलं होतं का हो?"

"नाही. आजच."

त्याने तसं लिहिलं. प्रोग्रॅम सुरळीत चालला. बाईंनी त्याची पाठ थोपटली.

"जमेल तुम्हाला. डोकं चांगलंय, नुसते धांदरट आहात."

फार दिवसांनी त्यांना इतकं हलकं वाटत होतं. जेवण होताच त्या समाधानाने आडव्या झाल्या.

दुपारी बेल वाजली. दारात एक तरुण प्राध्यापिका कागदांचा गठ्ठा घेऊन उभी होती.

"सर, तुमच्या प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकाची आठवी आवृत्ती छापायला जातेय. मुद्रितं तेवढी नजरेखालून..."

"हळू बोल." त्याने बाहेर येऊन दार ओढून घेतलं. त्याचे डोळे भरले होते. "आज चाळीस मिनिटं तिला सगळं आठवत होतं."