रायफलीची ॲक्सेसरी

"हत्यार कुठलंही असो, खंडेनवमीला ते पूजेवाचून ठेवायचं नाही हो," असं सासूबाईंनी बजावलं होतं. अमेरिकेत ॲन आर्बरला आल्यावरही रेणूनं तो नेम मोडला नाही. विळी, कात्री, स्क्रूड्रायव्हर आणि त्यांच्याच रांगेत नवऱ्याची, यतीनची, नेमबाजीची रायफल.

दसरा सरला आणि रायफल सारखी अडकायला लागली. त्यात क्लबची मॅच तोंडावर आलेली.

"ऑनलाइन मागवून मागवून नवरीसारखं नटवलंयस तिला," रेणू हळूच म्हणाली. "नवा स्कोप, नवा ट्रिगर, नवं मॅगझिन. अडकेल नाही तर काय?"

"आणि यातल्या कशाचाच दोष नसला तर?"

"तर मी स्वतः रेंजवर येऊन एक गोळी झाडीन. शब्द दिला."

रांगोळी काढण्याआधी मुंग्यांना बाजूला करणाऱ्या बायकोचा हा शब्द ऐकून यतीन खो खो हसला.

शनिवारी दोघं रेंजवर गेली. तिथल्या वॉल्टर मिस्त्रीनं एकेक नवी वस्तू उतरवून जुनी बसवली. रायफल तरीही अडकतच होती. शेवटी त्यानं ती पुरती उघडली, चिमट्यानं आतून काहीतरी काढलं आणि तळहातावर धरून यतीनला विचारलं, "ही ॲक्सेसरी कुठल्या कंपनीची?"

कुंकवानं माखलेला तांदळाचा दाणा होता तो.



रेणूनं ती अक्षता उचलून कपाळाला लावली आणि टेबलावरचे नेमबाजांचे इअरमफ कानांवर चढवले.