भिजत ठेवलेला तुकडा

गेल्या आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या ताईंनी माझ्या दातांच्या दवाखान्यात येऊन बटणांच्या डबीतून दाताचा तुकडा काढला. “धाकट्या भावाच्या पुढच्या पक्क्या दाताचा. लहानपणी मीच झोक्यावरून पाडलं त्याला. नऊ वर्षांनी येतोय, चिकटवाल ना, डॉक्टर?” “पार सुकलाय, असा टिकणार नाही. आदल्या दिवशी पाण्यात भिजवा. लावतानाही हवा मारून वाळवणार नाही, कापसानं नुसता टिपेन. थोडी ओल राहिली की पकड घट्ट बसते,” मी म्हटलं. आज त्या एकट्याच आल्या. हातातल्या बाटलीत पाणी, तळाशी तुकडा. “सुट्टी नाही मिळाली. पुढच्या वर्षी बघू म्हणाला.” “मग काढून ठेवा, ताई. तो निघाला की पुन्हा भिजवा.” “आणि न कळवता आला तर?” “वर्षभर रोज पाणी बदलणार?” “लोक माशांचं बदलतात. हा तर सख्खा भाऊ.” माझ्याच बेसिनपाशी जाऊन त्यांनी कालचं पाणी ओतलं आणि ताजं भरलं.