टाकीतली टकटक

आमच्या कारखान्यात यीस्टला लोह खाऊ घालतात. म्हणजे मीच घालतो. लोहाच्या क्षाराचं पाणी पंपानं यीस्टच्या टाकीत थेंबथेंब सोडायचं. जास्त झालं की यीस्ट मरतं, आणि ही बॅच मेली की माझी नोकरीही तिच्यासोबत जाणार, असं मॅडमनी हसत हसत सांगितलं होतं.

सकाळी टाकी आतून वाजायला लागली. टक, टक. पंप जरा वाढवला की गप्प, कमी केला की पुन्हा सुरू. मी लाडावलेला भाचा सांभाळलाय, पण त्याला निदान दटावता तरी येतं.

कटकट नको म्हणून मी वाढवत गेलो. संध्याकाळपर्यंत पुरायचं लोहाच्या पाण्याचं पिंप दुपारीच संपलं. आता टकटक थांबेचना. डोकं उठलं. शेवटी मेकॅनिककाकांना बोलावलं.

"हवेचा बुडबुडा असेल," काका म्हणाले.

"बुडबुड्याला भूक लागते का, काका?"

"तू गप रे! टाकीपेक्षा तूच जास्त वाजतोस."

त्यांनी वैतागून टाकीवर पाना आपटला. तो निसटला, नळाच्या कडेनं बोट कापलं, आणि रक्ताचा ओघळ पत्र्यावरून खाली गेला.

टकटक थांबली.

"बघ, झालं की नाही काम!" म्हणत काकांनी हात उचलला.

तेवढ्यात पत्र्याच्या पलीकडून, बरोबर त्यांच्या बोटासमोर, पुन्हा टक झालं. या वेळी हळू, अदबीनं.

काकांनी हात डावीकडे नेला.

आवाजही डावीकडे गेला.